उरलेल्या पुड्या

बान ओकबुनचे हात फार जलद चालायचे. गोळी खलात टाकायची, भुकटी करायची, कागदाच्या चौकोनांवर सारखी वाटायची. तीन घड्या, एक खोच. पुडी तयार. हे सगळं खाली न बघता, समोरच्याशी वाद घालत.

तरुणपणी ती कुन्सानच्या बंदराजवळ एका औषधांच्या दुकानात कंपाउंडर होती. आमच्याकडे कोरियात लहान मुलांना गोळी देत नाहीत, भुकटी करून देतात. त्यामुळे आमच्या वस्तीतल्या निम्म्या लोकांनी लहानपणी तिच्या पुड्या खाल्ल्या आहेत. मीही खाल्ल्या आहेत. पुढे पुड्या बांधणारी यंत्रं आली आणि तिची नोकरी गेली. नवरा त्याआधीच वारला होता. मुलगी लग्न होऊन सोलला गेली. मग तिने बाजारात किमची, खारवलेले खेकडे आणि परतलेल्या भाज्या विकायचं छोटं दुकान टाकलं.

मी तिला मावशी म्हणते. नात्याने ती माझी कुणी नाही. एकाच चर्चच्या मंडळीतल्या आम्ही. पदवी घेऊन मी घरी परतले तेव्हा नोकरी नव्हती. दुपारी तिच्या दुकानात जाऊन बसायचे.

"काय शिकलीस म्हणालीस?"

"साहित्य."

"म्हणजे गोष्टी."

"हो, गोष्टीच."

"बरं. मग गोष्ट सांगत सांगत हा लसूण सोल."

दर उन्हाळ्यात आमच्या मंडळीचा गट एका आठवड्यासाठी कंबोडियाला जातो. डॉक्टर असतात, केस कापणारे असतात, मुलांना गाणी शिकवणारे असतात. मावशी पहिल्या वर्षापासून जात होती. औषधांचं टेबल तिचं. वर्षभर ती त्या आठवड्याबद्दल बोलायची. गेल्या वर्षी तिने मलाही ओढलं.

"मी काय करणार तिकडे मावशी? मला सुई बघून चक्कर येते."

"फुगे फुगव. पोरं काय, फुग्यावर खूश."

"तुम्ही दरवर्षी का जाता?"

ती खेकड्यावर मसाला चोळत होती. "आमच्या लहानपणी गोरे मिशनरी चर्चमध्ये दुधाची भुकटी वाटायचे. ती खाऊन मी जगले. माझी धाकटी बहीण त्याआधीच गेली. भुकटी यायला एक हिवाळा उशीर झाला." तिने बरणीचं झाकण लावलं. "खाल्लेलं फेडायला नको का?"

जायच्या आधी मंडळीच्या स्वयंपाकघरात बायका जमल्या. आमच्या गटाचे डॉक्टर योम यांनी सांगितल्याप्रमाणे मुलांसाठी दोन प्रकारच्या पुड्या करायच्या होत्या. एक साधी, ताप-सर्दीची. दुसरीत तेच औषध, वर पेनिसिलिनच्या जातीचं एक औषध. त्या पुडीला बायका 'तगडी' म्हणायच्या. दोन्ही भुकट्या पांढऱ्या. साध्या पुड्या हिरव्या टोपलीत, तगड्या गुलाबी टोपलीत.

आमच्या औषधांच्या दुकानात पुड्या पाकिटात घालून देतात आणि पाकिटावर आतल्या औषधांची नावं छापलेली असतात. मिशनसाठी मंडळीने वेगळी पाकिटं छापून घेतली होती. त्यावर तिथल्या ख्मेर भाषेत बायबलमधलं वचन होतं. खाली आमच्या मंडळीचं नाव.

"औषधांची नावं कुठे घालायची?" डॉक्टर योम यांनी विचारलं.

आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "ती तिथे कोण वाचणार, डॉक्टर? वचन वाचतील."

मावशी हसली. "खरंच की. नाव वाचून कुणाचा ताप उतरलाय?"

सगळे हसले. मीही.

गाव पाण्याने वेढलेलं होतं. भातखाचरं, मध्ये शाळा, शाळेच्या पटांगणात आमचे तंबू. तिथे राहणारे आमचे मिशनरी बे दुभाष्याचं काम करत. डॉक्टर योम प्रत्येक आईला त्यांच्यामार्फत विचारत, पोराला पेनिसिलिन चालतं का, कधी अंगावर पित्त उठलं होतं का. मग टेबलाकडे ओरडत, "साधी!" किंवा "तगडी!" आणि मावशीचा हात योग्य त्या टोपलीत जायचा. मी दुसऱ्या टोकाला फुगे फुगवत होते. तिचा आवाज मात्र सारखा ऐकू यायचा.

"अगं, रांगेत उभी राहा! तुझंच पोर आजारी आहे का?"

तिला ख्मेर येत नव्हती. ती सरळ कोरियनमध्ये रागवायची. बायका हसायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या.

शेवटच्या दिवशी दुपारी आवराआवर सुरू झाली. उरलेलं औषध परत न्यायचं नाही, ही आमची जुनी रीत. देवाला दिलेलं परत कसं आणायचं, असं पाळकसाहेब म्हणतात. टोपल्या, बादल्या, खुर्च्या शाळेला भेट द्यायच्या होत्या. म्हणून मंडळीतल्या कू ताईंनी दोन्ही टोपल्यांतल्या पुड्या एका पिशवीत ओतल्या आणि टोपल्या धुवायला नेल्या. मावशी तेव्हा तंबूचे दोर सोडवत होती. तिने ते पाहिलं. काही बोलली नाही. काम संपलं होतं.

मग पाण्याच्या पलीकडून, बांधावरून एक गाडा आला. त्यात बायका आणि मुलं. त्यांना कुणीतरी दिवस चुकीचा सांगितला होता. डॉक्टर योम दुसऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्याला बघायला गेले होते. पाळकसाहेब म्हणाले, "रिकाम्या हाताने पाठवू नका. द्या जे आहे ते."

मावशीने पिशवीतून पुड्या दिल्या. मोठ्यांना नाही, फक्त मुलांना. तिने काय करायला हवं होतं, हे मला आता सगळे सांगतात. तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. शेवटी एक बाई होती, चांथू नावाची. तिच्या कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी, स्रेयनिच. अंगात थोडा ताप होता. मावशीने पाकीट तिच्या हातात दिलं तर ती पोर नाक मुरडून तोंड फिरवून बसली. मावशीला हसू आवरेना.

"बघ, बघ! न उघडताच कळलं हिला, कडू आहे ते. हुशार आहे."

मग आमच्या नावाचा फलक दोरीवर ताणला गेला आणि सगळ्यांचा फोटो निघाला. त्या फोटोत ती मुलगी आहे. मावशीच्या पुढ्यात उभी.

आम्ही घरी परतलो. दुसऱ्या दिवशी मी दुकानात मुळ्याचे तुकडे करत होते. मावशीचा फोन वाजला. मिशनरी बे बोलत होते. तिचे हात मसाल्यात होते, म्हणून मी फोन तिच्या कानाला धरला. आवाज मोठा होता. मला सगळं ऐकू आलं.

स्रेयनिचच्या अंगावर लाल चट्टे आले होते. ओठ सुजले होते. ताप वाढला होता. जिल्ह्याच्या इस्पितळात तिला दाखल केलं होतं. छाती भरली आहे असं तिथले डॉक्टर म्हणत होते. त्यांच्याकडे इंजेक्शन होतं, तेही पेनिसिलिनच्या जातीचं. दुसरं औषध राजधानीहून मागवावं लागलं असतं. आईने पाकीट दाखवलं होतं. त्यावर वचन होतं.

"मावशी, नीट आठवा," बे म्हणाले. "त्या पुडीत पेनिसिलिनचं काही होतं का? ते असेल तर चट्टे त्याचेच असतील, मग हे इंजेक्शन द्यायचं नाही म्हणतात."

"डॉक्टर योमना विचारा."

"विचारलं. ते म्हणाले, लहानांना थोड्या तापासाठी साधीच देतो. पण दिली तुम्ही. साधीच होती ना?"

मावशी हातांवरच्या मसाल्याकडे बघत होती.

"मावशी, इस्पितळवाले थांबलेत. होतं की नव्हतं?"

"नव्हतं," ती म्हणाली. "साधीच होती."

फोन बंद झाला. मी मुळा कापायला घेतला. मावशी तशीच उभी. मसाल्याचे लाल हात पुढे धरलेले. एक गिऱ्हाईक आलं, पालकाची भाजी मागितली. तिने दिली. पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाईक म्हणालं, "काय मावशी, आज फुकट?"

मग ती मला म्हणाली, "पिशवी एकच होती गं."

"कुठली पिशवी?"

"दोन्ही एकात ओतल्या होत्या. मला माहीत नाही. मला माहीतच नाही मी काय दिलं."

मी फोन लावला. बे यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. इस्पितळाचा नंबर आमच्याकडे नव्हता. डॉक्टर योमना लावला, ते शस्त्रक्रियेत होते. पाळकसाहेबांना लावला. ते म्हणाले, शांत व्हा, मीही लावून बघतो, तुम्ही प्रार्थना करा. मावशी दुकानाच्या फरशीवर बसली. प्रार्थना करत नव्हती. माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती.

बे गाडी चालवत होते. 'नव्हतं' हा निरोप त्यांनी इस्पितळाला आधीच कळवला होता. ते स्वतः पोचले तेव्हा इंजेक्शन दिलेलं होतं. त्यांनी आम्हाला संध्याकाळी फोन केला. मुलगी गेली होती.

त्यानंतर लोक येत राहिले. कू ताई रडल्या. "माझ्यामुळे झालं, मीच ओतलं," म्हणाल्या. मावशीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. डॉक्टर योम म्हणाले, डेंग्यूही असू शकतो, तिकडे असे चट्टे येतात, नक्की कुणीच सांगू शकत नाही. ते खरं बोलत होते. खरंच कुणी सांगू शकत नव्हतं. सोलहून मुलीचा फोन आला. "आई, तू चांगल्या मनाने दिलंस."

मावशी मला म्हणाली, "सगळे मनाचंच बोलतात. मी 'नव्हतं' म्हणाले ते मनाने नाही. तोंडाने म्हणाले."

"तुम्हाला घाई केली त्यांनी."

"'माहीत नाही' म्हणायला किती वेळ लागतो?"

मी सोललेली लसणाची पाकळी पुन्हा सोलू लागले.

"मग का म्हणाले मी तसं?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "इतकी वर्षं ते टेबल माझं. 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली. कुन्सानची ओकबुन, आणि पुडीत काय ते माहीत नाही?"

दरवर्षी मिशनहून आल्यावर रविवारच्या उपासनेत साक्षी होतात, म्हणजे उभं राहून आपला अनुभव सगळ्यांना सांगायचा. मावशीने नाव दिलं. पाळकसाहेबांनी तिला खोलीत बोलावलं. मी बाहेर बसले होते. दार नीट लागत नाही त्या खोलीचं.

"काय बोलणार आहात?"

"जे झालं ते."

"सगळ्यांना माहीत आहे जे झालं ते. लेकरू प्रभूच्या कुशीत आहे. तुम्ही अकरा वर्षं काय काय पाहिलंत ते सांगा ना. तरुण मुलं बसली असतील. घाबरली तर पुढच्या वर्षी कोण येईल?"

"पाळकसाहेब, तुम्ही मला रागवत का नाही?"

"मी कोण रागवणारा?"

"मग कोण आहे? मला तेवढं सांगा. मी त्याच्याकडे जाते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

रविवारी ती उभी राहिली. निळा पोशाख. केस नीट बसवलेले. हात पुढच्या बाकाच्या पाठीवर. तिने वाक्य पाठ केलं होतं, हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी दुकानात ती पुटपुटत होती.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी 'नव्हतं' असं सांगितलं."

तिने श्वास घेतला. आमच्या मंडळीला सवय आहे. बोलणारा थांबला की सगळे मिळून म्हणतात.

"आमेन."

तिने मान वर केली. "नाही," ती म्हणाली. "ऐका. मी खोटं सांगितलं. त्यामुळे त्यांनी इंजेक्शन दिलं. पोर मेलं."

"आमेन." या वेळी आवाज मोठा. बायकांच्या बाजूला हुंदके. कुणीतरी "प्रभू, दया कर" म्हणालं. कू ताई उठून आल्या आणि तिला मिठी मारली. पाळकसाहेब म्हणाले, असं नम्र हृदय देव तुच्छ मानत नाही. बाजा सुरू झाला. लोक गाऊ लागले. मावशी कू ताईंच्या मिठीत उभी होती आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. मी इतकी भांबावलेली नजर कधी पाहिली नव्हती. बाजारात हरवलेल्या पोराची असते, तशी.

दाराशी सगळ्यांनी तिचे हात हातात घेतले. "किती सुंदर साक्ष दिलीत मावशी."

त्या दिवसानंतर ती पहाटेच्या प्रार्थनेला आली नाही. थंडी पडू लागली तेव्हा तिने दोन तिकिटं काढली. एक माझं.

"मी आईला सांगणार," ती म्हणाली. "तिला तरी राग येईल."

"आणि आला तर?"

"मारेल तर मारेल. अंगावर पाणी फेकेल. काहीही करू दे."

मिशनरी बे आम्हाला घ्यायला आले. ते थकलेले दिसत होते. रस्ताभर कमी बोलले. गाडीत मावशीने त्यांना सगळं समजावून सांगितलं. एकेक शब्द. तुम्ही फक्त हे तिच्या भाषेत सांगा, म्हणाली. बे "हं" म्हणाले.

चांथूचं घर खांबांवर उभं होतं. खाली गाय बांधलेली. तिने आम्हाला पाहिलं आणि दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत नेले. धावत जाऊन चटई आणली. नारळ फोडून पुढे ठेवला. दारातल्या फळीला आमचा फोटो चिकटवलेला होता. फलक, आम्ही सगळे, पुढ्यात ती मुलगी. बहुतेक तिचा तेवढा एकच फोटो होता.

मावशी चटईवर गुडघे टेकून बसली. डोकं चटईला लागेल इतकी वाकली. मग बोलली. हळू, तुटक. बे भाषांतर करत गेले. चांथू ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने गळ्यातल्या कापडाच्या टोकाने ते पुसलं. मावशीचे हात धरले आणि तिला उठवलं. काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मावशीने विचारलं.

"इतक्या लांबून आलात, तुमचे उपकार, म्हणते."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही तिला काय सांगितलंत?"

बे नारळाकडे बघत राहिले.

"मी काय म्हणाले ते सांगितलंत का?"

"तुमच्या दुःखात सहभागी व्हायला आलोय, असं सांगितलं." त्यांनी मान खाली घातली. "मावशी, मला इथे राहायचंय. माझी शाळा आहे. गावात बातमी पसरली तर एकही आई मूल पाठवणार नाही. औषधालाही येणार नाहीत. मग जी वाचायची तीही मरतील. तुम्ही परवा विमानात बसाल."

"सांगा तिला."

"नाही सांगणार."

मावशी चांथूकडे वळली. कोरियनमध्येच बोलू लागली. छातीवर बोट ठेवलं. हवेत पुडी उघडून दाखवली, तोंडात घातल्यासारखं केलं, मग दंडावर सुई टोचून दाखवली. पुन्हा छातीवर बोट. मी, मी, मी. चांथू लक्ष देऊन बघत होती. मान हलवत होती. मग तिचा चेहरा उजळला. तिला कळलं होतं. ती घाईने आत गेली.

परत आली तेव्हा कडेवर धाकटा मुलगा होता. दीडेक वर्षाचा. नाक वाहत होतं, छातीत घरघर ऐकू येत होती. तिने त्याला मावशीसमोर धरलं आणि रिकामा तळहात पुढे केला.

मावशी मागे सरकली. "नाही," ती म्हणाली. "नाही, नाही."

चांथूने तळहात आणखी पुढे केला. मुलाचा सदरा वर करून छाती दाखवली.

"माझ्याकडे काही नाही," मावशी म्हणाली. तिने पर्स उलटी केली. रुमाल, पासपोर्ट, खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी. गोळ्या दिसताच चांथूने त्यांच्याकडे बोट केलं. मावशीने झडप घालून ती पट्टी मुठीत धरली आणि मूठ पाठीमागे नेली.

"द्या त्या, साध्या चघळायच्या आहेत," बे म्हणाले.

"मी देणार नाही."

चांथू तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे, बे यांच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं. तिने मुलाचा सदरा खाली ओढला. बे यांना काहीतरी म्हणाली. आवाज वाढवला नव्हता, पण गायसुद्धा तिकडे बघू लागली.

"काय म्हणाली?" मावशीने विचारलं.

बे सांगेनात. तिने त्यांची बाही धरली. "हे तरी सांगा."

"म्हणते, एक पोर गेलं म्हणून आता दुसऱ्याला औषध द्यायचं नाही? आम्ही असं काय केलं?"

चांथूने नारळ उचलला. आम्ही बसलो होतो ती चटई ओढून घेतली. आत जाऊन दार लावलं.

मावशीला राग हवा होता. तो असा मिळाला. ती खांबाशी उभी होती, मूठ अजून पाठीमागे. आत मूल खोकत होतं. आम्ही तिघं ते ऐकत होतो. बे म्हणाले, चला, पाऊल उचला. ती हलली नाही. मी तिच्या दंडाला धरून तिला गाडीकडे नेलं.

आता ती दुकान उघडते. भाजी देते, पैसे घेते. लसूण मी सोलते. ती काही विचारत नाही. कधीतरी कामाच्या मध्येच थांबते आणि म्हणते, "त्याचा खोकला गेला असेल का गं?"

बे यांना मी दोनदा विचारलं. ती बाई आता त्यांच्याशी बोलत नाही, असं त्यांनी कळवलं. शाळेकडेही फिरकत नाही.

मी मावशीला म्हणते, माहीत नाही.